पहारा कागदावर की दारावर?

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे शहराची वस्ती हळूहळू मागे पडते, शेते दिसू लागतात आणि थोड्याच वेळात सिमरोल गाव लागते. पुढे हाच रस्ता घाट उतरून चोरल, बडवाह करीत नर्मदेच्या काठी जातो. २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचे विस्तीर्ण आवार आज याच सिमरोलात आहे. आमचे बिऱ्हाड त्याच गावात असल्यामुळे संध्याकाळी चहाच्या दुकानापाशी उभे राहिले, तर शेजारच्या बाकावर कोणी सोयाबीनच्या भावाची चर्चा करीत असतो आणि कोणी संगणकाची. अशाच एका संध्याकाळी, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलेल्या एका साध्या प्रश्नापासून या लेखाचा उगम झाला. तो प्रश्न आम्हांस प्रथम क्षुल्लक वाटला, मग अडचणीचा वाटला आणि शेवटी आमच्याच एका चुकीपाशी घेऊन गेला. ती चूक प्रांजळपणे सांगावी आणि तिच्या निमित्ताने आपल्या विद्यार्थिमित्रांस संगणकाच्या सुरक्षिततेविषयी चार उपयुक्त गोष्टी समजावून द्याव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात जो संगणक आहे, त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्याची देखभाल बरीच वर्षे आमच्याकडे आहे. त्या संगणकात पुस्तकांची सूची आहे, तशीच विद्यार्थ्यांची नावे, पत्ते, पालकांचे दूरध्वनी क्रमांक आणि काही वर्षांचे गुणही आहेत. दिवाळीच्या सुटीत भेटावयास आलेला तो विद्यार्थी आम्हांस म्हणाला, "सर, त्या संगणकातल्या प्रोग्रामांवर पहारा आहे का?"

आम्ही मोठ्या विश्वासाने उत्तर दिले, "आहे तर! पहाऱ्याच्या नियमांच्या फायली आम्ही स्वतः पाहिल्या आहेत. गेल्याच वर्षी सुरक्षिततेच्या तक्त्यावर 'होय' असे लिहून सहीसुद्धा केली आहे."

तो किंचित हसला आणि अदबीने म्हणाला, "फायली आहेत हे समजलं, सर. पण पहारा आहे का?"

या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच या लेखाचे सार होय.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स या तरुणाने लिनक्सचा गाभा लिहून तो जगापुढे ठेवला. कोणीही तो वाचावा, सुधारावा आणि विनामूल्य वापरावा, ही त्यामागील पद्धती. त्या बीजाचा आज केवढा वृक्ष झाला आहे, हे पाहावयाचे असेल, तर दोनच उदाहरणे पुरेत. २०१७च्या नोव्हेंबरपासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे. आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. आपल्या देशातही सी-डॅक या सरकारी संस्थेने लिनक्सच्याच आधारावर 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली तयार केली. तेव्हा हा विषय कोणा परक्यांचा नव्हे, आपल्या घरातला आहे.

आता पहाऱ्याचा प्रश्न. लिनक्समध्ये प्रत्येक फाईलला मालक असतो, आणि ती कोणी वाचावी, कोणी बदलावी हे ठरलेले असते. ही जुनी व्यवस्था चांगली आहे. परंतु तिच्यात एक उणीव आहे. तुम्ही एखादा प्रोग्राम चालविला, की तो तुमच्या अधिकाराने चालतो. जे जे तुम्हांस वाचता येते, ते ते त्यासही वाचता येते. घरी नळ दुरुस्त करावयास माणूस येतो. त्याचे काम मोरीपुरते. पण घरमालकाने दार उघडून आत घेतला म्हणून देवघर, तिजोरी आणि पत्रांची पेटी अशा सगळ्या खोल्या त्याला मोकळ्या झाल्या, तर कसे चालेल? माणूस प्रामाणिक असेल. पण त्याच्या आडून दुसराच कोणी आत शिरला तर?

ही भीती काल्पनिक नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम हजारो संगणकांत शिरला. टपाल पोहोचविणारा एक प्रोग्राम आणि 'संगणकावर कोण आहे' हे सांगणारा दुसरा एक प्रोग्राम, या दोन निरुपद्रवी सेवकांतील दोषांचा त्याने फायदा घेतला. सेवक साधे होते. परंतु त्यांना घरभर फिरण्याची मुभा होती. इतके मागे जावयास नको. २०२४च्या सप्टेंबरमध्ये लिनक्सवरील छपाईच्या व्यवस्थेतच असे काही दोष उघडकीस आले, की त्यांच्या आधारे बाहेरचा मनुष्य दूरच्या संगणकावर आपली आज्ञा चालवू शकला असता. छपाईसारखे गरीब काम करणारा प्रोग्रामदेखील चोरवाट होऊ शकतो, हे त्यावरून पुन्हा एकदा दिसले.

या उणिवेवर उपाय म्हणून जी व्यवस्था निघाली, तिचे नाव 'अ‍ॅपआर्मर', म्हणजे प्रोग्रामाचे चिलखत. १९९८च्या सुमारास अमेरिकेतील इम्युनिक्स या कंपनीत 'सबडोमेन' या नावाने तिचा जन्म झाला. २००५ साली नोव्हेल या कंपनीने इम्युनिक्स विकत घेतली. २००७पासून उबुंटू या प्रसिद्ध लिनक्समध्ये अ‍ॅपआर्मर आपोआप येऊ लागले, २०१० साली त्यास लिनक्सच्या गाभ्यातच स्थान मिळाले आणि २०१९च्या दहाव्या आवृत्तीपासून डेबियननेही ते प्रारंभापासून चालू ठेवण्यास सुरुवात केली.

या व्यवस्थेत प्रत्येक प्रोग्रामासाठी एक नियमपत्र लिहितात. त्यास 'प्रोफाइल' म्हणतात. छपाईच्या प्रोग्रामाने अमुक फायली वाचाव्यात, अमुक ठिकाणी लिहावे, अमुक मार्गाने यंत्राशी बोलावे, असे त्यात लिहिलेले असते. जे लिहिलेले नाही ते निषिद्ध. विशेष हे की, प्रोग्राम चालविणारा संगणकाचा सर्वाधिकारी असला, तरीही हे नियम प्रोग्रामास लागू राहतात. नळवाल्यास साक्षात घरधन्याने आत घेतले, तरी मोरीबाहेर पाऊल टाकता येत नाही, अशी ही योजना.

ही नियमपत्रे 'ईटीसी' या मुख्य फोल्डरातील 'अ‍ॅपआर्मर-डी' नावाच्या फोल्डरात ठेवलेली असतात. आम्ही तेच फोल्डर उघडले होते, त्यातील फायलींची रांग पाहिली होती आणि समाधानाने सही केली होती. आमची चूक ती हीच. एखाद्या कचेरीच्या दप्तरात पहारेकऱ्यांच्या नेमणुकीचे कागद नीट लावून ठेवलेले असावेत, आणि तेवढ्यावरून आज रात्री दारावर पहारेकरी उभे आहेत असे आपण समजावे, तसाच हा प्रकार. कागद खरा, सही खरी. पण कोणी आजारी असेल, कोणी बदलून गेला असेल, कोणी बसल्या जागी पेंगत असेल. पहारा पाहावयाचा तर दप्तर उघडून भागत नाही. रात्री दारावर जावे लागते.

संगणकाच्या दारावर कसे जावयाचे, हे आता क्रमाने सांगतो. येथे प्रत्येक आज्ञा आम्ही उच्चाराप्रमाणे लिहिली आहे. संगणकावर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावयाची, हे ध्यानात ठेवावे.

पहिला प्रश्न असा की, पहारेकऱ्यांचे खातेच मुळी चालू आहे काय? 'एए-एनेबल्ड' ही आज्ञा दिली, की अ‍ॅपआर्मर चालू असल्यास 'येस' असे उत्तर येते. गाभ्यात व्यवस्था असूनही संगणक सुरू होताना ती बंद ठेवलेली असू शकते. म्हणून हा प्रश्न प्रथम विचारावयाचा. आमच्या संगणकाने 'येस' म्हटले आणि आम्हांस धीर आला. तो फार वेळ टिकला नाही.

दुसरा प्रश्न : गाभ्याने खरोखर कोणती नियमपत्रे हाती घेतली आहेत? यासाठी 'एए-स्टेटस' ही आज्ञा आहे. ती सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने द्यावी लागते, म्हणून तिच्याआधी 'सुडो' हा शब्द जोडतात. ही आज्ञा फोल्डरातील फायली मोजीत नाही. ती प्रत्यक्ष गाभ्यास विचारते : तुझ्याजवळ या घटकेस कोणती नियमपत्रे आहेत? फायलींच्या फोल्डरात असलेले एखादे नियमपत्र येथे दिसत नसेल, तर ते केवळ कागद आहे. असे होण्याची कारणे अनेक असतात. 'डिसेबल' नावाच्या उपफोल्डरात त्या फाईलचा दुवा ठेवला असेल, तर ती मुद्दाम बाजूस ठेवलेली असते. लिहिण्यात चूक झाली असेल, तर गाभा ती स्वीकारीत नाही. आणि कित्येकदा फाईल नव्याने आणलेली असते, पण ती गाभ्यास सादर करण्याचेच राहून गेलेले असते.

तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जे नियमपत्र गाभ्याने घेतले, ते कोणत्या वृत्तीने अमलात आहे? 'एए-स्टेटस'च्या उत्तरात नियमपत्रांचे गट पाडलेले असतात. 'एन्फोर्स' या गटातील नियमपत्र म्हणजे जागा पहारेकरी. नियम मोडू पाहणाऱ्यास तो तेथेच अडवितो. 'कंप्लेन' या गटातील नियमपत्र म्हणजे वहीत नोंद करणारा पहारेकरी. चोर आत गेला, अमुक वाजता गेला, अमुक वस्तू घेऊन गेला, हे तो इमानाने लिहून ठेवतो, पण अडवीत नाही. नवे नियमपत्र लिहिताना ही वृत्ती उपयोगी पडते, कारण प्रोग्रामास खरोखर काय काय लागते हे तिच्यामुळे समजते. परंतु ती तात्पुरतीच असावयास हवी. याशिवाय 'अनकन्फाइन्ड' या गटातील काही नियमपत्रेही दिसतात. २०२४ सालच्या उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीत अशी पुष्कळ नियमपत्रे आहेत. त्यांना नाव असते, पण ती प्रोग्रामास अशा वेगळ्या बंधनांत बांधीत नाहीत. काही विशिष्ट मुभा देण्यापुरताच त्यांचा उपयोग असतो. एकंदर नियमपत्रांची मोठी संख्या पाहून हुरळून जाणाऱ्याने हे विसरू नये.

आमच्या संगणकावर छपाईचे नियमपत्र 'कंप्लेन' या गटात निघाले. ते तेथे कसे गेले, हे आठवावयास आम्हांस वेळ लागला. दोन वर्षांपूर्वी नवे छपाई यंत्र आणले होते आणि ते काही केल्या चालेना. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापावयाच्या होत्या. कोणी तरी म्हणाले, "पहारा जरा ढिला करून पाहू." पहारा ढिला केला, यंत्र चालू लागले, प्रश्नपत्रिका छापल्या गेल्या आणि पहारा पुन्हा कसावयाचे सर्वजण विसरले. विसरणाऱ्यांत आम्ही स्वतःच प्रथम होतो. छपाईतील दोषांची बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली होती, आणि "आपल्याकडे पहारा आहे" असे म्हणून ते पान उलटलेही होते!

चौथा प्रश्न : नियमपत्र जागे आहे, पण ज्या प्रोग्रामासाठी ते लिहिले, त्यालाच ते लागले आहे काय? नियमपत्र आणि चालू प्रोग्राम या दोन निराळ्या वस्तू होत. 'एए-स्टेटस'च्या उत्तराचा उत्तरार्ध चालू प्रोग्रामांविषयी असतो, आणि घाईत बहुतेकजण तेथपर्यंत वाचीतच नाहीत. 'पीएस' या नेहमीच्या आज्ञेस मोठे 'झेड' अक्षर जोडून दिले असता प्रत्येक चालू प्रोग्रामाशेजारी त्यास लागलेल्या नियमपत्राचे नाव आणि त्याची वृत्ती दिसते. जेथे नाव नसून 'अनकन्फाइन्ड' हा शब्द दिसतो, तेथे प्रोग्राम मोकळा आहे असे समजावे.

येथे आमची दुसरी फजिती झाली. ग्रंथसूचीच्या प्रोग्रामासाठी काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने मोठ्या कष्टाने नियमपत्र लिहून दिले होते. ते गाभ्यात होते आणि 'एन्फोर्स' गटातही होते. पण चालू प्रोग्रामांच्या यादीत सूचीच्या प्रोग्रामाशेजारी 'अनकन्फाइन्ड' असे स्पष्ट दिसत होते. हे कसे? कारण साधे होते. असे नियमपत्र प्रोग्रामास ओळखते ते त्याच्या ठिकाणावरून, म्हणजे तो कोणत्या फोल्डरात कोणत्या नावाने ठेवला आहे यावरून. मध्यंतरी सूचीची नवी आवृत्ती आम्ही दुसऱ्या फोल्डरात बसविली. जुन्या वाड्याच्या दारावर पहारेकरी डोळ्यांत तेल घालून उभा होता, आणि बिऱ्हाड केव्हाच नव्या घरी गेले होते.

पाचवा प्रश्न उलट बाजूने विचारावयाचा. आतापर्यंत आपण पहारेकऱ्यांची मोजदाद केली. आता पहारा नसलेल्या वाटा शोधावयाच्या. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. सूर्यास्ताबरोबर गडाचे दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी आपले कर्तव्य चोख बजावले. परंतु घरी तान्हे बाळ असलेली ती माता रात्रीच्या काळोखात कडा उतरून गेली. महाराजांनी तिच्या धैर्याचा गौरव केला, आणि ज्या कड्यावरून ती उतरली तेथे बुरूजही बांधविला. या कथेत वात्सल्याचा जो धडा आहे तो आहेच. पण राज्यकर्त्याचा धडाही आहे. दरवाजे बंद होते एवढ्यावर महाराज समाधान मानून बसले नाहीत. जेथून माता उतरू शकते तेथून शत्रू चढूही शकतो, हे त्यांनी तत्काळ ओळखले.

संगणकातील असा मोकळा कडा शोधण्यासाठी 'एए-अनकन्फाइन्ड' ही आज्ञा आहे. बाहेरच्या जाळ्याशी बोलण्यासाठी दार उघडून बसलेले जे जे प्रोग्राम असतील, त्यांची ती यादी देते आणि कोणावर नियमपत्र आहे व कोणावर नाही, हे सांगते. ही आज्ञा 'अ‍ॅपआर्मर-युटिल्स' या जोडसंचात येते. तो संच निराळा बसवून घ्यावा लागतो. प्रत्येक मोकळा प्रोग्राम म्हणजे संकटच, असे नव्हे. पण तो मोकळा का आहे, याचे उत्तर आपल्याजवळ असले पाहिजे. आमच्या यादीत सूचीचा प्रोग्राम होताच. शिवाय ज्याचा उपयोग कोणीच करीत नव्हते, असा आणखी एक प्रोग्राम दार उघडून बसला होता. त्याच्यासाठी नियमपत्र लिहिण्याची गरज नव्हती. तो बंद करणे हाच त्यावर बुरूज होता.

मग दुरुस्तीचे काम सुरू झाले. सूचीच्या नियमपत्रात प्रोग्रामाचे नवे ठिकाण लिहिले आणि 'अ‍ॅपआर्मर-पार्सर' या आज्ञेने ते गाभ्यास सादर केले. पुन्हा 'एए-स्टेटस' विचारले, तो सूचीचा प्रोग्राम एका निराळ्याच ओळीत आलेला दिसला : 'याच्यासाठी नियमपत्र आहे, पण हा मोकळाच चालला आहे', अशा अर्थाची ती ओळ. आम्ही बुचकळ्यात पडलो. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याने समजावून दिले, "सर, नियमपत्र लागतं ते प्रोग्राम सुरू होण्याच्या क्षणी. जो आधीच आत येऊन बसला, त्याला दारावरचा पहारेकरी कसा अडवणार? त्याला एकदा बाहेर काढून पुन्हा आत घ्या." प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला, आणि त्याच्या नावापुढे 'एन्फोर्स' हा शब्द आला.

आम्हांस वाटले, संपले. परंतु सहावा आणि शेवटचा प्रश्न उरला होता : हा पहारा खरोखर अडवितो काय? हे पाहण्याचे ठिकाण म्हणजे संगणकाची रोजनिशी. 'जर्नल-सीटीएल' या आज्ञेस लहान 'के' अक्षर जोडून गाभ्याच्या नोंदी वाचता येतात. अ‍ॅपआर्मरने एखादे कृत्य अडविले, तर तेथे 'डिनाइड' असा शब्द, नियमपत्राचे नाव आणि मागितलेली फाईल यांची नोंद होते. 'कंप्लेन' वृत्तीत मात्र त्याच जागी 'अलाउड' हा शब्द येतो. तो वाचून 'परवानगी होती' असा समज करून घेऊ नये. 'नियमाबाहेरचे होते, तरी जाऊ दिले' असा त्याचा अर्थ. हे बारकावे ज्यास ठाऊक नाहीत, तो रोजनिशी वाचूनही फसतो.

आमच्या रोजनिशीत लगेच नोंदी दिसू लागल्या. नव्या आवृत्तीत पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रे एका नव्या फोल्डरात ठेवलेली होती आणि नियमपत्रात त्याचा उल्लेख नव्हता. त्यामुळे सूची चाले, पण चित्रे दिसेनात. पूर्वीचे आम्ही असतो, तर कंटाळून पहाराच ढिला केला असता. या खेपेस त्या एका फोल्डरातील फायली केवळ वाचण्याची परवानगी देणारी एक ओळ नियमपत्रात वाढविली आणि ते पुन्हा सादर केले. जो प्रोग्राम त्या नियमपत्राखाली आधीच चालू आहे, त्यास सुधारलेले नियम लगेच लागू होतात, म्हणून आता प्रोग्राम बंद करण्याचीही गरज पडली नाही. चित्रे दिसू लागली. छपाईच्या बाबतीतही हाच मार्ग धरला : यंत्रास काय हवे ते रोजनिशीत पाहिले, तेवढेच दिले आणि 'एए-एन्फोर्स' या आज्ञेने पहारा पुन्हा कसला.

ज्यांच्या घरी उबुंटू आहे, त्यांस एक निरुपद्रवी प्रयोग करून पाहता येईल. उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत 'एव्हिन्स' नावाचा कागदपत्रे दाखविणारा प्रोग्राम येतो आणि त्याचे नियमपत्रही असते. आपल्या स्वतःच्या फोल्डरात गुप्त किल्ल्या ठेवण्यासाठी 'एसएसएच' नावाचे, बिंदूने आरंभ होणारे एक फोल्डर असते. एखाद्या साध्या पीडीएफ फाईलची एक प्रत त्यात ठेवून ती एव्हिन्सने उघडण्याचा प्रयत्न करावा. फाईल तुमची, फोल्डर तुमचे, चालविणारेही तुम्हीच. जुन्या व्यवस्थेप्रमाणे अडचण कसलीच नाही. तरीही नियमपत्र जागे असेल, तर एव्हिन्स ती उघडू शकत नाही, आणि रोजनिशीत 'डिनाइड' अशी नोंद होते. फाईल निमूटपणे उघडली, तर वर सांगितलेले प्रश्न पहिल्यापासून विचारावयास आरंभ करावा. प्रयोग झाल्यावर ती प्रत काढून टाकण्यास विसरू नये.

सर्वच लिनक्स संगणकांवर अ‍ॅपआर्मर असते असे नाही. रेड हॅट आणि फेडोरा यांच्या घराण्यात 'एसई-लिनक्स' ही निराळी व्यवस्था असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ती २००० साली प्रसिद्ध केली. तिच्यात ओळख ठिकाणावरून न पटता प्रत्येक वस्तूस लावलेल्या चिठ्ठीवरून पटते. तेथे 'गेट-एन्फोर्स' ही आज्ञा दिली, की पहारा जागा आहे, केवळ नोंद करणारा आहे की बंद आहे, हे एका शब्दात समजते. २०१४ सालच्या पाचव्या अँड्रॉइडपासून आपल्या फोनमध्येही हीच व्यवस्था पूर्ण अमलात आली. नावे निराळी, आज्ञा निराळ्या. पण प्रश्न तेच : खाते चालू आहे का, नियम हाती घेतले आहेत का, वृत्ती कोणती, खऱ्या प्रोग्रामास ते लागले आहेत का, मोकळे कोण आहे आणि प्रत्यक्ष अडवितो का.

या सर्व काळात आपल्या शाळेच्या संगणकातून काही गेले काय? आम्ही आणि आमच्या विद्यार्थ्याने जेवढे तपासता येईल तेवढे तपासले. काही गेल्याची खूण आढळली नाही. परंतु जे गेले नाही, ते आमच्या पहाऱ्यामुळे राहिले नव्हते. केवळ दैवाने राहिले होते. तुमच्या आईवडिलांनी ज्या विश्वासाने आपला पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक शाळेच्या स्वाधीन केला, त्या विश्वासाखाली आम्ही न पाहता सही केली होती, ही गोष्ट आम्हांस अजून बोचते. म्हणून आम्ही त्या तक्त्याखाली घडला प्रकार लिहून मुख्याध्यापकांकडे दिला, आणि आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी इयत्ता नववीतील दोन विद्यार्थी आमच्यासमवेत बसून हे सहा प्रश्न संगणकास विचारतात व उत्तरे एका वहीत लिहितात. वहीत 'होय' अथवा 'नाही' एवढेच लिहून चालत नाही. संगणकाने काय उत्तर दिले, ते लिहावे लागते.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांस या विषयाची गोडी वाटेल, त्यांनी लिनक्सचा अभ्यास अवश्य करावा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. जुना संगणक आणि नवी जिज्ञासा पुरते. पण ज्यांस संगणकाशी कर्तव्य नाही, त्यांनीही यातील एक गोष्ट बरोबर न्यावी. आयुष्यात तुमच्यापुढे पुष्कळ कागद सहीसाठी येतील आणि त्यांवर 'व्यवस्था आहे' असे लिहिलेले असेल. पुलाची तपासणी झाली आहे, औषधाचा साठा ताजा आहे, आग विझविण्याचे साधन भरलेले आहे, असे ते कागद सांगतील. सही करण्यापूर्वी एकदा उठून दारापर्यंत जावे. त्या संध्याकाळी सिमरोलच्या चहाच्या दुकानापाशी आमच्या विद्यार्थ्याने आम्हांस तेवढेच शिकविले. ज्यास आम्ही एके काळी बाराखडी गिरवावयास लावली, त्याच्याकडून हा पाठ घेताना आम्हांस संकोच वाटला नाही. उलट आपली शाळा वाया गेली नाही, असेच वाटले.